लेबलावर नसलेली नावे

‘जॅझ’ म्हटले, की सोलापुरात अजूनही समोरचा माणूस क्षणभर थबकतो. चादरी, शेंगाचटणी आणि गड्ड्याची जत्रा यांच्या गावात हे कुठले वेड, असे त्याच्या चेहऱ्यावर उमटते. त्यातून मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. माझ्याकडून लोकांची अपेक्षा गझलेची, फार तर कव्वालीची. अशा वेळी मी एवढेच सांगतो, की आपल्याकडे वरातीपुढे जो बँड वाजतो त्यातली क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही जॅझचीच वाद्ये. आपल्याकडे पलटणीच्या बँडाची वाद्ये लग्नाच्या मिरवणुकीत आली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या लोकांच्या मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत आली. वाद्ये तीच, फक्त त्यांच्यात फुंकलेला श्वास वेगवेगळ्या गावचा.

या संगीताच्या इतिहासात नावाचा प्रश्न अगदी पहिल्या तबकडीपासून आहे. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ साली निघाली. जे संगीत प्रामुख्याने काळ्या वादकांनी घडवले, त्याच्या पहिल्या तबकडीवर वाजवणारे पाचही जण गोरे होते. आपल्याकडची गोष्ट याच्या उलट. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव स्वतःच इंग्रजीत पुकारत. कारण व्यवहारी होते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगाराला कोणाचे गाणे ते कळायला हवे. पण त्या एका वाक्याने शंभरावर वर्षे नाव गाण्याला चिकटून राहिले. फार थोड्यांचे तसे झाले.

त्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांची देणगी, आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा भारतातून जाई. न्यूयॉर्कमधला सूर आपल्या पळसाच्या झाडावर कोरला जात होता, असे कवी म्हणून म्हणायला मला आवडते, पण ते व्यापाराच्या हिशेबातही खरेच आहे. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. ख्यालिया असो की ट्रम्पेटवाला, जे सांगायचे ते तीन मिनिटांत.

मुंबईत जॅझ आला तो हॉटेलांच्या वाटेने. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड तर पुढे कलकत्त्यातच १९४५ साली वारला. समोर नाचणारे साहेब आणि संस्थानिक होते. पण खरे कान टवकारले होते ते गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. गोव्यात या विद्येला पोट भरण्याइतके काम नव्हते, म्हणून ही मंडळी मुंबईला आली. कागदावर लिहिलेले त्यांना वाचता येत होते. कागदावर नसलेले कसे वाजवायचे, ते त्यांनी या पाहुण्यांकडून उचलले.

त्यांच्यातलाच एक आल्दोन्याचा आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’. ट्रम्पेट वाजवण्याची त्याची ढब अशी, की लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४७ साली इंग्रज गेले आणि १९४९ साली मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या. त्यामुळे वादकांची मोठी फौज दादर-ताडदेवच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळली. हिंदी चित्रपटगीतात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन का घुमू लागले, याचे एक कारण असे थेट कायद्याच्या पुस्तकात सापडते.

त्या फौजेचा पुरेपूर उपयोग करून घेणारा संगीतकार आपल्या मातीतला. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. ‘शहनाई’ (१९४७), ‘अलबेला’ (१९५१), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतली त्यांची गाणी आठवा. ‘अलबेला’त तर चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतो, आणि पुढे नाचत असतात ते भगवान पालव, आपले भगवानदादा. ‘आशा’मधल्या ‘ईना मीना डीका’त अर्थाविना शब्दांची जी मौज आहे, तिचे नाते आर्मस्ट्राँगने १९२६ साली तबकडीवर गायलेल्या निरर्थक बोलांशी लागते. आपल्या तराण्याशीही ते लागतेच.

आता माझ्याविषयी थोडे. माझा कान जॅझकडे वळला तो शॉर्टवेव्ह रेडिओमुळे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत, १९८०च्या दशकात, रात्री ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हर यांचा कार्यक्रम लागे. १९५५ सालापासून तो माणूस जगाला जॅझ ऐकवत होता आणि १९९६ साली मृत्यू येईपर्यंत ऐकवत राहिला. इंग्रजी बेताचे असलेल्यालाही कळावे म्हणून तो एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलत असे. गंमत म्हणजे हे प्रक्षेपण देशाबाहेरच्यांसाठी होते, त्यामुळे स्वतःच्या देशात त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते.

यामागे राजकारण होते, हे उघड आहे. शीतयुद्धात अमेरिकेने १९५६ पासून जॅझवादकांना राजदूतासारखे देशोदेशी पाठवले. आधी डिझी गिलेस्पी गेला. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक भारतात आला आणि मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवून गेला. लुई आर्मस्ट्राँग १९६४ साली आला. ज्यांना घरी समान हक्क नव्हते, त्यांनी परदेशात स्वातंत्र्याची जाहिरात करायची होती. १९५७ साली लिटल रॉक गावी काळ्या मुलांना शाळेत जाऊ देत नव्हते, तेव्हा याच आर्मस्ट्राँगने सरकारी खर्चाने रशियाला जायला साफ नकार दिला. मला ही माहिती नंतर कळली आणि त्याच्या हसऱ्या आवाजातला खर्ज वेगळाच ऐकू येऊ लागला.

खरखरीतून येणारे ते संगीत मला परके वाटले नाही, याचे श्रेय कव्वालीला. कव्वाल मूळ ओळ धरून ठेवतो, मधेच दुसराच शेर गुंफतो, ज्याला गिरह म्हणतात, आणि फिरून नेमका त्या ओळीवर येतो. जॅझमध्ये गाण्याची चाल एकदा सांगून झाली, की तिची स्वरचौकट आवर्तनासारखी फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपली गिरह बांधतो. त्यातला नवखेपणा गेला, की ‘वाह’ म्हणायची जागा आपोआप कळते.

मी रेडिओवरून कॅसेट भरून घेत असे. कोनोव्हर वादकांची नावे सांगे, ती कॅसेटमधल्या कार्डावर मी देवनागरीत, ऐकू येतील तशी लिहून ठेवी. माझ्या संग्रहाची सुरुवात ही अशी, कानाने केलेल्या नोंदींची. पुढे नोकरी लागल्यावर रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, फोर्टच्या फुटपाथवर आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या एल. पी. चाळायच्या, उरलेल्या वेळात काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये उभे राहायचे, हा क्रम झाला. २०१६ साली ते दुकान बंद झाले.

एल. पी.ने दोन गोष्टी बदलल्या. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाल्याने वादकाला सावकाश आलाप करावा तसे वाजवता येऊ लागले. १९६१ साली जॉन कोल्ट्रेनने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. पंडित रविशंकरांवर त्याची इतकी भक्ती, की १९६५ साली झालेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. असे संगीत तीन मिनिटांत मावणारे नव्हते. दुसरी गोष्ट वेष्टनाची. त्याच्या पाठीवर सगळे छापलेले असे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ साली दोन दिवसांत मुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. वाजवणारे सात जण. माइल्स, कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल एव्हान्स, विंटन केली, पॉल चेंबर्स, जिमी कॉब. मी सोलापुरात बसून सातही नावे सांगू शकतो. ड्रमवाला कॉब २०२० साली गेला, तेव्हा सातांतला शेवटचा गेला हेही मला कळले.

आणि इथेच माझ्या संग्रहाने वळण घेतले. घरातली ‘अलबेला’ची तबकडी मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यावर गायकांची नावे होती, संगीतकाराचे होते. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम्स वाजवणाऱ्यांचे काय? संगीतकार चाल गुणगुणणार, गोव्याचा सहायक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढणार आणि वादक रोजाचे पैसे घेऊन घरी जाणार, अशी ती पद्धत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस, ही नावे जाणकारांपुरतीच राहिली. गोन्साल्विस यांचे नाव १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे कोट्यवधींच्या तोंडी गेले, ते एका खऱ्या, हाडामासाच्या व्हायोलिन शिक्षकाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक होते? १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एल. पी. काढली. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोडिन्हो यांचे ड्रम्स. या वादकांना समोर आणून बसवणाऱ्या अशा तबकड्या आपल्याकडे विरळाच.

तेव्हापासून मी अमेरिकन तबकड्या घेणे जवळजवळ थांबवले आणि १९४७ ते १९६५ मधल्या हिंदी तबकड्या गोळा करू लागलो. प्रत्येकीसाठी वहीचे एक पान. त्यावर खात्रीने कळलेलेच नाव लिहायचे, उरलेली जागा कोरी ठेवायची. या कामात मला सोबत मिळाली ती पुस्तकांची. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपटवादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक केले; नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ साली आले. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने, विशेषतः सुरेश चांदवणकर यांनी, जुन्या तबकड्यांची माहिती नियतकालिकातून नोंदवून ठेवली. तरीही माझ्या वहीत लिहिलेल्यापेक्षा कोरी जागाच जास्त आहे.

संग्राहकाला कोऱ्या जागेचे मोल कळायला हवे. जॅझमध्येही अशी एक कोरी जागा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादक संघटनेने मानधनासाठी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि मोठ्या कंपन्यांपुरता तो १९४४च्या अखेरपर्यंत चालला. नेमक्या त्याच काळात चार्ली पार्कर आणि गिलेस्पी हे तरुण रात्री-बेरात्री जमून जॅझची नवी बोली घडवत होते. तिच्या जन्माची तबकडी जवळपास नाहीच. पण तिथे निदान आठवणी लिहून ठेवल्या गेल्या, वादकांना विचारले गेले. आपल्याकडे तबकडी आहे, विचारणे राहिले. आणि ज्यांना विचारायचे, त्या पिढीतले बहुतेक निघून गेले आहेत.

आज खिशातल्या फोनवर दहा कोटींहून अधिक गाणी आहेत. १९३५ सालचा ताजचा वाद्यवृंद ऐकायला संस्थानिक व्हावे लागत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. मीही रोज तसेच ऐकतो. मात्र त्या पडद्यावर बहुधा गायकाचे नाव येते, चित्रपटाचे येते, आणि पाठ म्हणून काही नसतेच. वेष्टन गेले, तशी ती छापलेली नावेही गेली.

सोलापुरात जुनी घरे पडून इमारती उठताहेत. माळ्यावरच्या तबकड्या रद्दीबरोबर किलोने जातात. मला त्या सगळ्या नकोत, माझ्या घरात जागाही नाही. विनंती इतकीच, की देण्यापूर्वी लेबल एकदा वाचा. तबकडीचा क्रमांक लिहून घ्या. घरात कोणी ऑर्केस्ट्रात, मेळ्यात, बँडात वाजवणारे वडीलधारे असतील, तर त्यांना ते गाणे ऐकवा आणि विचारा, की बाबा, हे ट्रम्पेट कोणाचे? उत्तर मिळाले, तर तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद तबकडीच्या पाकिटात घाला. नाव लिहायला जागा भरपूर आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)