चवदार तळे कोणाच्या मालकीचे?

महाडचा सत्याग्रह आपल्याला 20 मार्च 1927 या तारखेने ठाऊक आहे. त्यानंतर चवदार तळ्यावरून जवळजवळ दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा मात्र फारसा वाचला जात नाही. तळे खासगी की सार्वजनिक, याचा कायदेशीर निकाल त्याच दाव्यात लागला.

वादाची मुळे मुंबई विधिमंडळाच्या कामकाजात आहेत. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी त्यानुसार आपली हरकत नसल्याचा ठराव केला. तो दप्तरातच राहिला. तीन वर्षांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या सवर्ण रहिवाशांनी दावा क्रमांक 405 दाखल केला. बोले ठराव सार्वजनिक पाणवठ्यांपुरता होता. म्हणून वादींनी तळ्यावर मालकी सांगितली, आणि जोडीला तळे फक्त सवर्णांनी वापरण्याच्या अनादि काळापासूनच्या रूढीचा आधार घेतला. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. त्याच महिन्यात महाडला भरलेल्या सत्याग्रहींच्या परिषदेने तो न मोडण्याचे ठरवले आणि तळ्याभोवती मिरवणूक काढली. 23 फेब्रुवारी 1928 रोजी हुकूम उठला.

उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तळ्याचे वर्णन येते. चार-पाच एकरांचा, बहुतांशी नैसर्गिक जलाशय, पावसाच्या पाण्यावर भरणारा. भोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची घरे. काठच्या जमिनीच्या पट्ट्या आणि घाटही अनेक ठिकाणी घरमालकांचेच. काठ खासगी असला तरी पाणी खासगी ठरत नाही, हाच या दाव्याचा गाभा.

8 जून 1931 रोजी महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले व दुसऱ्याने वापरले नाही एवढ्याने पहिल्याला हक्क मिळत नाही, असे त्याने ठरवले. ठाण्याच्या न्यायालयातले अपील 30 जानेवारी 1933 रोजी फेटाळले गेले. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनीही रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निर्णय दिला.

ही कागदपत्रे आजच्या पाणीवादालाही लागू पडतात. पाणीपुरवठा कंपनीकडे द्यावा की पालिकेकडेच ठेवावा, यावर आपण भांडतो, आणि ते भांडण आवश्यक आहे. पण महाडचे तळे पालिकेचे असूनही दलितांना बंद होते; पालिकेनेच दिलेली मोकळीक पालिकेनेच काढून घेतली. मालकी सार्वजनिक असणे ही पहिली अट आहे, पुरेशी नाही. कारभार कोणाच्याही हाती असो, शेवटच्या माणसाचा पाण्यावरचा हक्क कायद्यात लिहिलेला आणि न्यायालयात बजावता येणारा असलाच पाहिजे.