नेटच्या वेगाचा ताळा

सोसायटीच्या पंचवीस वर्षांत पाण्याची टाकी, लिफ्ट आणि रंगकाम यांवरून किती सभा गाजल्या ते इतर सभासदांनी या स्मरणिकेत लिहिलेच आहे. मी लिहितो त्या प्रश्नावर, जो गेल्या काही वर्षांत जिन्यात सर्वांत जास्त ऐकू आला: "तुमच्याकडे नेट किती येतं हो?"

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्याची मुभा मिळाली. आपण इथे राहायला आलो तेव्हा ज्या दोन-चार घरांत संगणक होते, तिथे फोनच्या तारेवर मोडेम चाले. त्याचा कमाल वेग ५६ केबीपीएस. नेट चालू असेपर्यंत त्या घरचा फोन एंगेज!

पुढे जाण्याआधी एक छोटा हिशेब. कंपनी वेग सांगते बिटमध्ये आणि आपल्या फाइलचा आकार असतो बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १०० नव्हे, फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. पाच मेगाबाइटचे एक गाणे उतरवायला ५६ केबीपीएसवर सुमारे १२ मिनिटे लागत, २५६ वर अडीच मिनिटांहून थोडी जास्त. १०० एमबीपीएसवर अर्धा सेकंदही लागत नाही. अर्थात, सांगितलेला वेग खरोखर मिळाला तर.

२००४ च्या सरकारी धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबँड' म्हटले. हा वेगही कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा, त्यापलीकडचा नव्हे. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. जाहिरातीतले आकडे मात्र याच्या कितीतरी पुढे धावत होते, आणि त्यांच्यामागे एक शब्द हळूच उभा असे: 'पर्यंत'.

या 'पर्यंत'चा पद्धतशीर ताळा घेतला तो ब्रिटनने. तिथल्या ऑफकॉम या नियामक संस्थेने स्वयंसेवकांच्या घरी मोजणीची छोटी यंत्रे बसवली. २००९ मध्ये निकाल आला: जाहिरातीतला सरासरी वेग ७.१ एमबीपीएस, प्रत्यक्षातला ४.१. अमेरिकेतही २०११ मध्ये अशाच मोजणीचा अहवाल निघाला. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे की, रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळेत निम्म्या ग्राहकांना तरी मिळेल तोच वेग जाहिरातीत सांगायचा.

आपल्याकडे ही वेळ आली २०२० च्या टाळेबंदीत. मुलांची शाळा आणि मोठ्यांचे ऑफिस, दोन्ही घरात. बी विंगमधली मुले वर्गातून मध्येच बाहेर फेकली जात. ए विंगवाले म्हणत, "आमच्याकडे तर व्यवस्थित आहे." कंपनीचा माणूस म्हणे, "आमच्याकडून पूर्ण जातंय." दहावीच्या मुलांचे वर्ष पणाला लागलेले, दोन्ही विंगमध्ये चक्क अबोला धरण्याची वेळ आली.

तेव्हा आपल्या तरुण मंडळींनी एक वही घातली. नियम बँकेतल्यासारखे कडक. लॅपटॉप एकच, राउटरला तारेने जोडलेला. घरात दुसरे काही चालू नाही. चाचणीचा सर्व्हरही दर वेळी तोच, कारण कंपनीच्या स्वतःच्या जवळच्या सर्व्हरवर आकडा नेहमीच देखणा येतो. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला तीन-तीन वेळा मोजायचे आणि मधला आकडा लिहायचा. नंतर तीच चाचणी वाय-फायवर.

आठवड्याने दोन गोष्टी समोर आल्या. सकाळी दोन्ही विंग जवळपास सारख्या होत्या, पण रात्री बी विंगचा वेग कोसळत होता. म्हणजे बी विंगवाले खरे बोलत होते. दुसरी गोष्ट, ए विंगमधल्याही काही घरांत तारेवर पूर्ण वेग होता आणि वाय-फायवर निम्माही नव्हता. राउटर टीव्हीच्या कपाटामागे किंवा भिंतींच्या आड ठेवलेला. तिथे कंपनीचा दोष नव्हता. वही समोर ठेवल्यावर कंपनीने बी विंगची जोडणी बदलून दिली. राउटर आपले आपणच हलवले.

येत्या सर्वसाधारण सभेत नव्या फायबरचा करार मंजुरीला येणार आहे. माझी सभासदांना विनंती इतकीच, की त्यात गर्दीच्या वेळेचा किमान वेग आकड्यात लिहून घ्यावा आणि दोन्ही विंगमधली मोजणी मान्य असल्याची सही घ्यावी. ती जुनी वही कार्यालयातल्या कपाटात आहे. बरीच पाने कोरी आहेत.