बेडकाचा पिंग

चिमटा काढला की लगेच कळतं. पण ‘लगेच’ म्हणजे नक्की किती? मज्जातंतूतला संदेश किती वेगाने जातो हे कधी मोजताच येणार नाही, असं योहानेस म्यूलर या बड्या जर्मन शास्त्रज्ञाचं मत होतं. १८५० साली त्याच्याच एका विद्यार्थ्याने ते मोजलं. हर्मन हेल्महोल्ट्झ, वय वर्षं २८ (आपल्याच वयाचा की!).

मंडळी, पद्धत बघा. नेटवर्कवाल्यांना तर फारच आवडेल. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू. तंतूला विजेचा झटका दिला की त्याच क्षणी दुसऱ्या सर्किटमध्ये करंट सुरू. स्नायू आकसून वजन उचलायचा आणि ते सर्किट तुटायचं. गॅल्व्हानोमीटरची सुई जितकी हलली त्यावरून वेळ काढायचा. पण यात स्नायूने घेतलेला वेळही आलाच ना? म्हणून एकदा झटका स्नायूजवळ, एकदा लांब, आणि दोन्ही वेळांची वजाबाकी! फरक एक-दोन मिलिसेकंदांचा. उत्तर आलं सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे एक्सप्रेस-वेवरची गाडी.

पुढे बेडकाचा स्नायू आणि मज्जातंतू प्रॅक्टिकलमध्ये आले, पण उपकरणं महाग. मग सर टेबलाशी आणि पोरं लांबून माना उंचावून बघतायत. हार्वर्डच्या विल्यम पोर्टरने विद्यार्थ्यांसाठी स्वस्त उपकरणं बनवायला घेतली, १९०१ मध्ये त्याची कंपनीच झाली. नंतर अँप्लिफायर, ऑसिलोस्कोप आले आणि गाडी पुन्हा महागाईवर. २००९ मध्ये ग्रेग गेज आणि टिम मार्झुलो या मिशिगनच्या दोघांनी ‘बॅकयार्ड ब्रेन्स’ काढली. बर्फाच्या पाण्यात बधिर केलेल्या झुरळाचा एक पाय, त्यात दोन टाचण्या, एक छोटा अँप्लिफायर. पायावरच्या काट्यांना टूथपिक लावली की स्पीकरमधून तडतड ऐकू येते.

आपल्याकडे यूजीसीने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं. बेडूक वाचले, छानच झालं. पण त्याजागी नुसतं सिम्युलेशन आलं तर माझा आक्षेप आहे. सिम्युलेशनमध्ये वायर सैल नसते, ५० हर्ट्झचा गुणगुणाट नसतो, आणि खरा सिग्नल कुठला हे शोधावं लागत नाही. अहो, डीबगिंग तिथेच तर शिकतो माणूस!

आणि बेडूक कशाला हवा? तज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्वतःचा हात पुढे करा. मनगटापाशी एक हलका झटका, कोपरापाशी एक, करंगळीच्या स्नायूवर इलेक्ट्रोड. तीच १८५० ची वजाबाकी. माणसाचं उत्तर साधारण ५० ते ६० मीटर येतं, बेडकाच्या दुप्पट.