घोड खोऱ्यातील मासे आणि त्यांच्या जतनाचा इतिहास : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

प्रस्तावना :
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील घोड, मीना आणि कुकडी या नद्यांचे पाणी शिरूरवरून भीमेस मिळते. या खोऱ्यातील माशांची शास्त्रीय नोंद १८३९ इतकी जुनी आहे. मात्र ज्या माशांवरून ती झाली ते जतन झाले नाहीत. त्याचा परिणाम काय झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साईक्स यांची नोंद :
लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साईक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती संकलनासाठी नियुक्ती केली. दख्खनमधील माशांचे वर्णन करताना त्यांनी खुद्री, नुक्ता, मुल्या, रोहटी अशी स्थानिक नावेच शास्त्रीय नामावलीत घेतली. 'मुसुल्ला' हा मासा त्यांना घोडकाठी शिरूर येथे आढळला. मूळ नमुना उपलब्ध नसल्याने तो दीर्घकाळ महसीर मानला गेला. २०१३ मधील संशोधनाने त्यास हिप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीत स्थान दिले.

शिकारीचा मासा :
याउलट गळाने धरलेला मोठा मासा दिवाणखान्यात टिकून राहिला. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर पकडला. हे कुटुंब प्राण्यांत पेंढा भरण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध होते. या कामी माशाच्या भिंतीकडील बाजूस छेद देऊन मांस खरवडून काढीत, कातडीस आर्सेनिकयुक्त साबण, पुढे टाकणखार, लावीत आणि ती साच्यावर चढवीत. पर पुठ्ठ्यात दाबून वाळवीत व काचेचा डोळा बसवीत. पक्ष्याच्या पिसांचा रंग टिकतो. माशाचा मात्र कातडी वाळताच उडतो. म्हणून अखेरीस तो रंगवावाच लागतो. अर्थात भिंतीवरील माशाचा रंग हा मुख्यतः कारागिराच्या स्मरणाचा असतो.

निष्कर्ष :
शिकारी सर्वांत मोठा मासा जपतो. अभ्यासकास सामान्य मासा, त्याचे ठिकाण आणि तारीख हवी असते. १८९३ मध्ये फॉर्मॅलिनचा उपयोग ज्ञात झाल्यावर असे जतन सुलभ झाले. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज व पिंपळगाव जोगे या धरणांनी नद्यांचे स्वरूप पालटले आहे. अशा वेळी चिठ्ठी लावलेला बोटभर मासाही इतिहासाचे अस्सल साधन ठरतो. साईक्स यांचे मासे गेले, नावे उरली. ती नावे कोणत्या माशांची, हे स्थानिक मासेमारांकडून नमुन्यांसह नोंदवून घेणे अगत्याचे आहे.