नासक हिऱ्याचा भाव

जुन्या वस्तूंची किंमत करून देणं हा माझा धंदा. त्र्यंबकला बसतो, त्यामुळे देवाच्या हिऱ्याबद्दल महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच: "आज किती होईल हो?"

नासक हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळातला, असं परंपरा सांगते. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाडाव झाला आणि सुमारे 90 कॅरटचा तो दगड इंग्रजांच्या हाती लागला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो 3,000 पौंडांना घेतला, म्हणजे कॅरटला जेमतेम 33 पौंड. लुटीचा माल विकणाऱ्याला घाई असते, हे आमच्या धंद्यातलं जुनं सत्य. 1831 मध्ये तोच हिरा 7,200 पौंडांना गेला. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो तलवारीच्या मुठीत बसवला.

भाव वस्तूचा की तिच्या चरित्राचा? 2011 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली धोनीची बॅट लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली. तसंच लाकूड दुकानात काही हजार रुपयांत मिळतं. पण त्या बॅटने वानखेडेवर मारलेला विजयी षटकार अख्ख्या जगाने पाहिला होता. हिऱ्याच्या देवळातल्या दिवसांना असा साक्षीदार कुठला?

जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने 1940 मध्ये तो हिरा घेतला आणि पुन्हा पैलू पाडून 43.38 कॅरटवर आणला. बॅट तासून चकचकीत केली तर मी तिला निम्मा भावही देणार नाही. हिऱ्याचं उलटं झालं: 1970 मध्ये न्यूयॉर्कला त्या अर्ध्या दगडाला पाच लाख डॉलर मिळाले.