जुन्या नाण्याचें मोल

जुनें नाणें हातीं आलें कीं मनुष्य दोन प्रश्न विचारतो. हें किती वर्षांचें, आणि याचे किती येतील? पहिल्याच्या उत्तरांत दुसऱ्याचें उत्तर आहे अशी बहुतेकांची समजूत असते. सराफ मात्र वय विचारीत नाहीं. तो नाणें कसोटीला लावतो, तराजूंत टाकतो आणि धातूचा भाव सांगून मोकळा होतो. संग्राहक तिसरेंच कांहीं पाहतो व इतिहासकार चौथें. या चौघांच्या हिशेबांत केवढें अंतर पडतें हें पाहावयाचें असल्यास नाशिक जिल्ह्यांतील जोगलथेंबी या गांवाकडे वळावें.

या गांवीं १९०६ सालीं रौप्य नाण्यांचा एक मोठा ठेवा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक, सुमारें १३,२५० भरलीं. रेव्हरंड स्कॉट यांनीं त्यांचें परीक्षण करून वर्णन प्रसिद्ध केलें. प्रत्येक नाणें मूळचें क्षहरात कुळांतील क्षत्रप नहपान याचें. एका बाजूस राजाचें मुख व भोंवतीं ग्रीक लिपीचीं वेडींवांकडीं अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत राजाचें नांव. परंतु यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर पुन्हां ठसा मारलेला होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि यानें शत्रूचें नाणें वितळविण्याचा खटाटोप न करतां त्यावरच आपलें पर्वताचें चिन्ह व नांव उठविलें. कांहीं नाण्यांत तर नहपानाचें नाक एकीकडे व सातवाहनांचा पर्वत दुसरीकडे असा चमत्कारिक देखावा दिसतो.

सराफाच्या दृष्टीनें यांतील प्रत्येक नाणें म्हणजे सुमारें दोन ग्रॅम चांदी. सबंध ठेवा वितळविला असता तरी लगड पंचवीस-तीस किलोंपलीकडे गेली नसती. संग्राहक याहून अधिक देईल, पण वयाकडे पाहून नव्हे. दोन हजार वर्षांच्या सुमाराचें हें नाणें. परंतु एकाच ठेव्यांतून तेरा हजार निघाल्यावर त्यास दुर्मिळ कोण म्हणेल? उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया ज्यांनीं व्यवहारांत पाहिला असेल अशीं माणसें अजून हयात असतील. तरीहि तो इतका विरळा कीं १९३८ च्या रुपयावरील आठाचा नऊ करून भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधणारे कारागीर निपजले आहेत. मागणी किती आणि नग किती, या दोहोंच्या मधें बाजारभाव उभा असतो. नाण्याचें वय त्यांत फार तर साक्षीदार.

दुसरी गोष्ट नाण्याच्या अंगाची. दसरा-दिवाळीला देव्हाऱ्यांतील नाणीं चिंच व राख लावून लख्ख करण्याची आपल्या घरांतून चाल आहे. देवाला तें आवडत असेल, संग्राहकाला नाहीं. तांब्यावर शतकांनीं चढविलेली काळसर झांक एकदां घांसून गेली म्हणजे पुन्हां येत नाहीं, आणि तिच्याबरोबर बारीक अक्षरेंहि जातात. कानाला भोंक पाडलेल्या वा कडी डागलेल्या नाण्याचीहि तीच गत. ज्या व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आपल्याकडे पुतळ्यांची माळ आली, तीं गळ्यांत शोभलीं खरीं, पण कड्या डागल्यामुळें संग्राहकाच्या लेखीं उणींच ठरलीं.

शिवराईसंबंधानें तर गैरसमज फारच. तांब्याच्या पैशावर ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ हीं अक्षरें दिसलीं कीं तो महाराजांच्या हयातींतला, अतएव अमोल, असें घरोघर समजतात. वस्तुतः १६७४ च्या राज्याभिषेकानंतरहि कितीतरी काळ, थेट पेशवाईच्या अखेरीपर्यंत, निरनिराळ्या टांकसाळींतून याच नांवाचे पैसे पडत राहिले आणि इंग्रजी अमलांतहि ते बाजारांत चालत. म्हणून साधी शिवराई आजहि थोडक्यांत मिळते. अक्षरांची ठेवण व भोंवतालच्या ठिपक्यांचें वळण पाहून जाणकार एखादीच वेगळी काढतो. सोन्याचा शिवकालीन होन ही गोष्ट निराळी. खरे होन अगदीं मोजके, आणि म्हणूनच खोटे पुष्कळ.

इतिहासकाराचें मोल मात्र एकट्या नाण्यांत मावत नाहीं. जोगलथेंबीच्या ठेव्यापूर्वीं नहपान व गौतमीपुत्र यांच्यामध्यें किती काळ गेला, यासंबंधीं विद्वानांत वाद होता. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत गौतमीपुत्रानें क्षहरातांचा वंश नामशेष केल्याचें त्याची आई बलश्री अभिमानानें सांगते. पण त्या वंशाचा अखेरचा राजा कोण? नाण्यांवरील चेहरे कुठें तरुण, कुठें वृद्ध, एकमेकांशीं न जुळणारे. त्यावरून नहपानाचें नांव पुढील वारसांनींहि चालविलें असावें असें स्कॉटना वाटलें. परंतु एवढ्या राशींत नहपानाखेरीज दुसऱ्या एकाहि क्षहरात राजाचें नांव आढळलें नाहीं. मधें कोणी राजा होऊन गेला असता तर त्याचीं चार नाणीं तरी सांपडावयाचीं. यावरून या दोघांची गांठ प्रत्यक्ष पडली असें अनुमान बळावलें. त्यांचा नेमका काळ कोणता, याचा वाद अजून चालूच आहे.

आतां हाच ठेवा पेठेंतल्या दहा दुकानांत वांटला जाता तर? नाणीं तींच राहतीं, चांदी तीच राहती, कदाचित् भावहि अधिक येता. पण ‘तिसऱ्याचें नांव नाहीं’ ही साक्ष द्यावयास कोणी उरलें नसतें. जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन कलेक्टरास कळविलें पाहिजे असें १८७८ च्या कायद्यानें ठरविलें तें यासाठीं उपकारकच झालें. दहा रुपयांची ती मर्यादा आज वाचतांना हंसूं येतें, हा भाग वेगळा. व्यापारी ज्या पुन्हां ठसलेल्या मुखाला बिघडलेलें म्हणून बाजूस सारील, तेंच या प्रकरणांत मुख्य साक्षीदार ठरलें.

राहतां राहिला तो ज्यांच्या गांठीला हीं नाणीं होतीं त्यांचा हिशेब. तो नहपानाचा जांवई उषवदात यानें नाशिकच्याच लेण्यांत कोरून ठेवला आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा त्या वेळचा दर तेथें मिळतो. हे कार्षापण चांदीचे असें सामान्यतः मानतात. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे त्यानें २,००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. व्याज दरमहा शेंकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें वापरावयाचें. त्या २४० कार्षापणांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावयाचे, चीवरासाठीं.