चिरनेरच्या नावाचे नवे शहर : सांस्कृतिक केंद्राची जागा आधी ठरायला हवी

पनवेल, उरण आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रावर होऊ घातलेले नवनगर 'कर्नाळा-साई-चिरनेर' या नावाने ओळखले जाते. राज्य शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याला बोलण्यात 'तिसरी मुंबई' म्हटले जाते. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि या परिसरातील जमिनीला नव्याने महत्त्व आले. अशा शहरात सभागृह, नाट्यगृह, ग्रंथालय आणि संग्रहालय यांना मध्यवर्ती जागा मिळायची असेल, तर ती नकाशा कोरा असतानाच राखून ठेवावी लागते. चिरनेरच्या बाबतीत या जागेला इतिहासाचाही आधार आहे.

१९३० चा वारसा

मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. त्यांपैकी चिरनेरचा सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर झाला. जंगल कायद्याचा भंग करण्यासाठी जमलेल्या शेतकरी व आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या दिवशीच्या गोंधळात मामलेदार जोशी यांचाही मृत्यू झाला. हुतात्मे एकट्या चिरनेरचे नव्हते. दिघोडे, खोपटे, जुई, पाणदिवे अशा पंचक्रोशीतील गावांची माणसे त्यांत होती. नाग्या कातकरी यांचे नाव आजही परिसरात आदराने घेतले जाते. दरवर्षी २५ सप्टेंबरला गावात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

गावात महागणपतीचे मंदिर आहे आणि हुतात्म्यांचे स्मारक आहे. म्हणजेच दूरदूरच्या गावांतील लोकांनी एकत्र येण्याचे ठिकाण चिरनेरला पूर्वीपासूनच आहे. नव्या शहराच्या सांस्कृतिक केंद्रासाठी एखादा अनोळखी चौक शोधण्यापेक्षा या जुन्या केंद्राच्या आधाराने विचार करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

स्मारके झाली, देखभाल राहिली

बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० नंतर, राज्यभर हुतात्मा स्मारके उभारण्याची योजना हाती घेण्यात आली. गावाला एक स्तंभ आणि त्याबरोबर लोकांना वापरता येईल अशी छोटी वास्तू मिळावी, ही त्यामागील कल्पना चांगली होती. परंतु बांधकामाला निधी मिळाला, तसा पुढील देखभालीला मिळाला नाही. अनेक गावांत या वास्तूंची पडझड झाली, काही वर्षातून एकदा झेंडावंदनापुरत्या उघडू लागल्या. सार्वजनिक वास्तूचा खरा खर्च उद्घाटनानंतर सुरू होतो. हा धडा नव्या शहराच्या आखणीत विसरता येणार नाही.

वाशी आणि पनवेलचा अनुभव

नियोजनबद्ध शहराचा सर्वांत जवळचा नमुना म्हणजे नवी मुंबई. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरणमधील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे शहर आखले. व्याप्तीने ते कर्नाळा-साई-चिरनेरपेक्षा थोडेच मोठे आहे. वाशीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह झाले आणि नवी मुंबईचा नाट्यव्यवहार वर्षानुवर्षे मुख्यतः त्याच एका रंगमंचावर चालला. ऐरोलीतील दुसऱ्या नाट्यगृहाचे काम दीर्घकाळ रेंगाळले. लोकवस्ती प्रथम आणि रंगमंच नंतर, असा हा क्रम होता.

पनवेलमध्ये आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. फडके यांचा जन्म १८४५ मध्ये पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे झाला. स्थानिक इतिहासातील नाव वास्तूला देण्याचा पनवेलचा पायंडा चिरनेरलाही शोभेल.

नवी मुंबईने आणखी एक धडा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आता १२४ गावांतील शेतकऱ्यांनीही नवनगराविरुद्ध हजारो हरकती नोंदविल्या. जमीन देणाऱ्यांचा विश्वास मिळाल्याशिवाय तेथे उभी राहणारी कोणतीही वास्तू त्यांना आपली वाटणार नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात कोणत्या सार्वजनिक प्रयोजनांसाठी जमीन राखून ठेवता येते, ते दिले आहे. शाळा, रुग्णालये, बाजार यांच्याबरोबर सांस्कृतिक संस्था, नाट्यगृहे, लोकांनी जमण्याची ठिकाणे, संग्रहालये आणि कलादालने यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना विहित मुदतीत हरकती व सूचना देता येतात.

मात्र आरक्षण म्हणजे वास्तू नव्हे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण व्यपगत होते. सांस्कृतिक प्रयोजनाच्या जागा शेवटच्या क्रमांकावर राहिल्या, तर त्या हातच्या जाण्याचा धोका असतो.

वास्तूत काय असावे?

आगरी, कोळी आणि कातकरी समाजाची लोककला प्रामुख्याने अंगणात आणि मैदानात वाढली. लग्नातले धवले, बाल्या नाच किंवा कोळीनृत्य यांना खुर्च्यांच्या बंदिस्त रांगांपेक्षा मोकळी जागा मानवते. त्यामुळे येथे बंदिस्त नाट्यगृहाइतकीच खुल्या रंगमंचाची गरज आहे. बंदिस्त नाट्यगृहासाठी पुरेशा खोल विंगा, नेपथ्याचा ट्रक मागच्या दारापर्यंत नेण्याची सोय, तालमीची खोली आणि ध्वनियोजना या बाबी आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवाव्या लागतात. ग्रंथालय आणि १९३० च्या सत्याग्रहाचे कायमस्वरूपी दालन त्याच आवारात असेल, तर नाट्यप्रयोग नसलेल्या दिवशीही वास्तू उघडी राहील.

अग्निसुरक्षेकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. जून २०२२ मध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृह आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. पैकी कोल्हापूरचे नाट्यगृह शाहू महाराजांच्या काळातील होते.

नव्या शहराने चिरनेरचे नाव घेतले आहे. ज्या पंचक्रोशीने १९३० मध्ये जंगलावरील आपल्या हक्कासाठी रक्त सांडले, तिला शहराच्या मध्यभागी हक्काची जागा मिळते का, यावर त्या नावाची किंमत ठरेल. प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला होईल, तेव्हा घरे आणि भूखंडांबरोबर या जागेचीही मागणी ग्रामसभांच्या ठरावांतून नोंदविली गेली पाहिजे.